व्याह्यांसमोर टाकलेले दोन एक्के

उजळाईवाडी, कोल्हापूर
रविवार, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप आक्काताईस,

धाकट्या अतुलचा मिरजेच्या दिशेने वाकून जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जेवतात, झोपतात आणि वेळेवर कामाला जातात. एकमेकांशी बोलतात की नाही हा वेगळा विषय असून त्यासाठीच हा कागद घेतला आहे. तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आणि पट्टी निघाल्याबरोबर "भिंतीला हा असला रंग कुणी दिलाय?" असं तू विचारलंस, हे आमच्या मंडळींकडून, म्हणजे निशाकडून, समजलं तेव्हा काळजी मिटली. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. तरी सलग वाचू नकोस; दोन पानं झाली की थेंब घाल, जरा पड, मग पुढचं वाच. (पुढचं वाचून रक्तदाब वाढण्याची शक्यता आहे, तेव्हा ती गोळीही जवळ ठेव.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर पहिली दहा मिनिटं तू बोलतेस, पुढची दहा मी "व्हय आक्का" म्हणतो, आणि मग तुझ्या दारात कुणीतरी येतं. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईसमोर पेशंटला आपलं दुखणं शेवटपर्यंत सांगता येत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे दुखणं लांबलचक आहे आणि मला ते मधे न थांबता सांगायचं आहे.

आमच्या गोव्याच्या भानगडीच्या तीन हकिकती तुझ्यापर्यंत पोचल्या असणार. निशाच्या म्हणण्याप्रमाणे, आमच्या लेकीचं, दीप्तीचं, ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून मी होणाऱ्या व्याह्यांना, म्हणजे आकारामरावांना, पत्त्यांत मुद्दाम जिंकू दिलं. त्यांच्या मंडळी बाळाबाई यांच्या म्हणण्याप्रमाणे मी साठ माणसांत त्यांच्या सुभेदारांची लाज काढली. आणि आपले होणारे भाचेजावई संघर्ष यांची समजूत अशी, की दोन्ही बापांचं भांडण त्यांच्या फ्लॅटमधल्या गळक्या नळावरून झालं (त्यांची तीच समजूत राहू दे, तो नळ अजून गळतो आहे). तिन्ही हकिकती चूक आहेत. मी जे केलं ते निव्वळ गणित होतं. त्यात प्रेम नव्हतं, दया नव्हती आणि अपमान तर नव्हताच. माणसाने नुसतं गणित केलं असेल यावर कुणाचा विश्वास का बसत नाही, हे मला त्रेपन्नाव्या वर्षीही समजलेलं नाही.

मुळापासून सांगतो. लॉकडाऊनमध्ये दीप्ती पुण्याहून घरी येऊन राहिली होती, तेव्हा तिने मला पोकर शिकवलं. (ती विम्याच्या कंपनीत माणसं साधारण कधी मरतील याचा हिशोब करते, संध्याकाळी मन रमवायला तिला काहीतरी हवं होतं.) बदाम सात खेळताना लबाडी केली म्हणून तू मला लाटण्याने मारलं होतंस, तेव्हा पत्त्यांची सर्वसाधारण माहिती तुला आहेच. एवढंच सांगतो, की या खेळात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती त्याने एकट्याने बघायची. नंतर टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात, आणि या सातांतली ज्याची पाच भारी तो जिंकतो. मधल्या वेळात चिप्स, म्हणजे प्लॅस्टिकच्या चकत्या, पुढे सरकवायच्या. पानं पसंत नसली तर टाकून द्यायची. मला हा टाकण्याचा भाग फार आवडला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी सव्वीस वर्षं क्वालिटीला आहे. ओतीव लोखंडाचं कास्टिंग दिसायला कितीही देखणं असलं तरी मापात केसभर इकडेतिकडे निघालं, की मी त्यावर लाल खडूने फुली मारतो. चांगलं दिसणारं टाकून देण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे पाच वर्षं फोनवर खोट्या चकत्यांनी खेळून माझी अशी खात्री झाली होती की या खेळासाठीच आपला जन्म आहे, फक्त ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

आता गोवा. संघर्ष तिकडे औषधांच्या कारखान्यात आहे आणि त्याने नवा फ्लॅट घेतला आहे, हे तुला माहीत आहे. साखरपुड्याआधी एकदा घर बघून यावं असं दोन्हीकडे ठरलं, आणि बायकांना घाट लागतो म्हणून मी आणि आकारामराव असे दोघेच माझ्या गाडीतून निघालो. आकारामरावांना तू एकदाच भेटली आहेस, तेव्हा ते तापाने आजारी होते; ती त्यांची खरी ओळख नव्हे. सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कळंब्याला तलावाच्या बाजूला त्यांचं घर आहे आणि तिथे जास्वंदीला पाणी घालतानाही ते कवायतीच्या मैदानावर बोलावं तसे बोलतात. घाटात त्यांनी मला तीनदा गिअर बदलायला सांगितला. (तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. त्याचा मला जास्त त्रास झाला.)

माझ्या मनात मात्र रविवारचा एक वेगळा बेत होता. तिथे नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पोकरची मोठी स्पर्धा भरते, तिची फी आपल्यासारख्यांना झेपणारी नाही. म्हणून आधी एक छोटी स्पर्धा घेतात, तिला सॅटेलाइट म्हणतात. तिच्यात बक्षीस म्हणून रोख काही नाही; शेवटी जे दहा जण उरतील त्यांना मोठ्या स्पर्धेत फुकट जागा. इथे नीट लक्ष दे, कारण सगळं भांडण एवढ्यावरूनच आहे. दहाही जागा सारख्या. ज्याच्यासमोर चकत्यांचा डोंगर आहे त्यालाही एक जागा, आणि ज्याच्याकडे शेवटची एक चकती उरली आहे त्यालाही एक जागा. म्हणजे इथे जिंकायचं नसतं, फक्त अकरावं व्हायचं नसतं. या अकराव्या माणसाला बबल म्हणतात, म्हणजे बुडबुडा. तो फुटला की बाकीचे दहा उठून एकमेकांचे हात हातात घेतात. हे मी आकारामरावांना सांगणार नव्हतो. "बाजारात जाऊन नळाचा वॉशर बघून येतो," असं म्हणून मी निघालो, तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं (इस्त्रीचा होता) आणि पुढच्या दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं.

"पावणं, तुमी खेळणार आन् मी काय लाटा मोजत बसू व्हय? मी बराकीत अठ्ठावीस वर्सं पत्ते कुटल्यात."

अशा रीतीने आम्ही दोघेही बोटीवर गेलो. (फी विचारू नकोस. निशानेही अजून विचारलेली नाही.)

त्रेसष्ट माणसं होती. मी तीन तास जे खेळलो त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मी काही खेळलोच नाही. पानं बघायची, टाकायची, पाणी प्यायचं. मधून एखादा भारी डाव आला तेवढा घ्यायचा. आकारामरावांचं टेबल लांब होतं, पण त्यांचा आवाज येत होता. जेवणाच्या सुट्टीत ते भेटले तेव्हा त्यांच्याकडे माझ्या दुप्पट चकत्या होत्या आणि ते ताटात दुसऱ्यांदा मासे घेत होते. आता जपून खेळा, असं मी त्यांना म्हणालो. घोटाळ्याची सुरुवात तिथे आहे.

"धा जणांस्नी जागा. बरं. पैल्या नंबराला काय?"

"तीच जागा."

"आन् धाव्याला?"

"तीच."

"मग पैला येणाऱ्यानं काय पाप केलंय?"

मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, असल्या नियमानं पलटण चालली असती तर शत्रू बेळगावात येऊन बसला असता. मी म्हणालो, हा हुकूम नाही, सल्ला आहे. ते म्हणाले, सल्ला त्यांनी मागितलेला नाही. तेवढ्यात घंटा झाली.

चारच्या सुमाराला अकरा जण उरले. दोन टेबलं होती. आमच्या टेबलावर सहा जण, त्यात मी आणि आता आकारामरावही. त्यांच्या चकत्या उतरून माझ्यापेक्षा थोड्या कमी झाल्या होत्या, तरी दोघांनाही काही धोका नव्हता. धोका होता तो माझ्या डावीकडे बसलेल्या हुबळीच्या एका चष्मेवाल्या गृहस्थांना. त्यांच्याकडे इतकं थोडं उरलं होतं, की दर फेरीला सक्तीने टाकाव्या लागणाऱ्या चकत्यांतच ते दोन फेऱ्यांत आपोआप संपणार होते. म्हणजे आम्ही दोघांनी हात बांधून, ओठ मिटून, अर्धा तास नुसतं बसायचं होतं. तुझ्या वॉर्डात मी पंधरा दिवस काविळीने पडलो होतो त्याच्यापेक्षा सोपं काम. आणि तेवढ्यात आकारामरावांनी पानं बघितली, मान वर केली आणि दोन्ही हातांनी सगळ्या चकत्या मधे लोटल्या. "सगळं!" असं ते म्हणाले. तिथे ऑल-इन म्हणायची पद्धत आहे, पण कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

मग पाळी माझी. मी माझ्या पानांचा कोपरा उचलला. किलवर एक्का. दुसऱ्याचा उचलला. इस्पिक एक्का.

आक्का, यापेक्षा भारी दोन पानं या खेळात नाहीत. पाच वर्षांत मी ती टाकली नव्हती. कुणीच टाकत नाही. समोरच्याकडे काहीही असो, शंभरातून ऐंशी वेळा एक्केवाला जिंकतो. पण मी दीप्तीचा बाप आहे. मी असा हिशोब केला, की खेळलो तर शंभरातून वीस वेळा माझ्याकडे दोन-तीन चकत्या उरतील आणि हुबळीकरांआधी मीच फुटेन. टाकली, तर हुबळीकर फुटणार आणि माझी जागा शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा पक्की. आणि जिंकून जादा मिळणार काय? तीच जागा. ऐंशीसाठी अठ्ठ्याण्णव कोण सोडेल? समोर आकारामराव आहेत की आणखी कुणी, हे त्या हिशोबात कुठेही नव्हतं. हे तू निशाला सांग. मी चौदा वेळा सांगितलं आहे.

इथवर मी केलं त्यात एकही चूक नाही. पुढचं मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही. पानं पालथी सरकवायची, एवढंच काम उरलं होतं. पण माझ्या मनात आलं, की सव्वीस वर्षं मी चांगलं दिसणारं टाकतो आहे आणि एकदाही कुणी ते बघून म्हणालं नाही, की वा. ही पानं पालथी गेली तर जगात कुणालाच कळणार नाही, की उजळाईवाडीच्या एका माणसाने आज काय टाकलं. म्हणून मी ती उलटी करून, सरळ लावून, सगळ्यांना दिसतील अशी ठेवली.

कुणी वा म्हणालं नाही. मग आकारामरावांचा चेहरा खालून वर लाल होत गेला, थर्मामीटर चढावा तसा. त्यांनी आपली पानं आपटली: बदामाची अठ्ठी आणि नव्वी.

"मला भीक घालतायसा? साठ माणसांत?"

हुबळीकरही उभे राहिले. माझ्यानंतर अजून त्यांची पाळी होती, आणि पाळी शिल्लक असताना पानं दाखवणं नियमात बसत नाही. पण त्यांचं खरं म्हणणं असं, की हे दोघं एकाच गाडीतून आले आहेत, जेवताना एकत्र होते, आणि आता एकाने एक्के टाकून दुसऱ्याला वाचवलं. ही संगनमताची केस आहे. (त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी एक्के खेळलो असतो आणि आकारामराव बाद झाले असते, तर हुबळीकरांना बसल्या जागी तिकीट मिळत होतं.) मग स्पर्धेच्या मुख्य बाई आल्या, संयोगिता मॅडम, इचलकरंजीकडच्या निघाल्या. खेळ थांबला, आणि बाकीची नऊ माणसं व पाच वेटर यांच्यासमोर आमची चौकशी झाली.

"तुमचं दोघांचं नातं काय?" बाईंनी विचारलं.

"अजून काही नाही," मी खरं ते सांगितलं. "पुढच्या महिन्यात होणार आहे. माझी मुलगी, यांचा मुलगा."

"हुणार हुतं!" आकारामराव म्हणाले. "आता न्हाय."

"यांनी तुम्हाला मुद्दाम वाचवलं, असं त्या साहेबांचं म्हणणं आहे."

"मला वाचवणारा ह्यो कोण? मी म्हटलंतं व्हय वाचवा म्हणून? बाई, ती पाच पानं उघडा. आत्ता उघडा. मी जिंकलो असतो."

न झालेल्या डावाची पानं उघडत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. आकारामरावांनी तीनदा मागणी केली, तिन्ही वेळा बाईंनी तेच सांगितलं. शेवटी बाईंनी निकाल दिला, की या दोघांत संगनमत असणं शक्य दिसत नाही; परंतु पानं उघडी टाकल्याबद्दल माझ्यावर एका फेरीची बंदी, तेवढा वेळ टेबलापासून लांब उभं राहायचं. मी चहाच्या मशीनजवळ जाऊन उभा राहिलो. लहानपणी तू सोडून मला कुणी असं उभं केलं नव्हतं.

आणि मी तिथे उभा असतानाच स्पर्धा संपली. तिसऱ्या डावाला हुबळीकरांनी आपलं उरलंसुरलं मधे टाकलं. आकारामरावांनी पानं नीट बघितली की नाही याबद्दल मला शंका आहे, त्यांनी त्या गृहस्थांकडे बघितलं, "माझ्यावर आरोप?" असं म्हणाले आणि चकत्या पुढे ढकलल्या. हुबळीकरांकडे दोन राण्या होत्या, आकारामरावांकडे राजा आणि पंजी. टेबलावरच्या पाचांतलं शेवटचं पान राजा निघालं. टाळ्या झाल्या. दहा जणांना जागा मिळाली, त्यात मलाही, हातात कागदाचा कप असताना. हुबळीकर माझ्याजवळ येऊन चहा घेऊ लागले. ते शांत झाले होते. म्हणाले, "राण्या टाकायला पायजे होत्या मी. दोन डाव थांबलो असतो तर कुणी दुसरं गेलं असतं. पण दोन राण्या दिसल्या की हातच ऐकत नाही बघा." थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही एक्के टाकलं ते करेक्ट. मी कंप्लेंट केलं ते पण करेक्ट." त्या बोटीवर माझं म्हणणं समजलेला हा एकच माणूस, आणि तो बाद झालेला होता.

परतीच्या प्रवासात आकारामराव मागच्या सीटवर बसले. गोव्यातून निघाल्यापासून आंबोलीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. गिअरबद्दलही नाही, आणि दोनदा मला गरज होती. आंबोलीला चहावाल्याने त्यांना कपबशीत चहा दिला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ड्रायव्हरला?" आकारामराव म्हणाले, "द्या. त्येला बी द्या." आजरा आल्यावर ते खिडकीकडे बघून एवढंच म्हणाले, की जागा मी कमावली, आणि तुमची बी मीच कमावली, तुमी चहा पीत हुता. हे खरं असल्यामुळे मी नुसता गिअर बदलला.

मंगळवारी दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "साखरपुड्याबाबत फेरविचार सुरू आहे. पुढील आदेशाची वाट पाहावी." (बाळाबाईंनी त्याला अंगठा दिला. त्या सगळ्यालाच अंगठा देतात.) निशा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिने विचारलं, "एक्के चांगले का वाईट?"

"सगळ्यांत चांगले."

"मग टाकलासा कशाला?"

मी ताट बाजूला सारून तिला वाटाण्यांनी सगळं मांडून दाखवलं. चाळीस मिनिटं लागली. ती म्हणाली, "म्हणजे हातात चांगलं असताना घाबरला." मी म्हणालो, घाबरलो नाही, हिशोब केला. ती म्हणाली, "तेच की."

त्याच संध्याकाळी दीप्तीचा फोन आला. माझी पोटची पोरगी, जिचं लग्न माझ्यामुळे टांगणीला लागलेलं, तिने आधी विचारलं काय? जागा किती, माणसं किती, कुणाकडे किती चिप्स. मी आकडे सांगितले. तिने अर्ध्या मिनिटात हिशोब केला आणि ती म्हणाली, "पानं टाकलीत ते बरोबर. दाखवलीत ते चूक. आता कळंब्याला जा." मी म्हणालो, संघर्ष काय म्हणतो? ती म्हणाली, "तो नळाबद्दल माफी मागतोय."

गेल्या रविवारी सकाळी मी कळंब्याला गेलो. आकारामराव जास्वंदीला पाणी घालत होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. नळी माझ्या पायांवरून मात्र एकदा फिरली. मी म्हणालो, पानं दाखवायला नको होती, चुकलं. ते म्हणाले, दाखवायचं काय न्हाय, टाकलीच का? मग बाळाबाईंनी बाहेर खुर्च्या आणल्या, आणि मला जी गोष्ट इतक्या दिवसांत कुणी सांगितली नव्हती ती आकारामरावांनी झाडाकडे बघत सांगितली. भरतीच्या वेळी त्यांची छाती अर्धा इंच कमी भरली होती. डॉक्टर ओळखीचा निघाला, त्याने टेप जरा सैल धरला. त्यांच्या गावचा एक जण मागे रांगेत होता, त्याने ते पाहिलं. पुढे सगळ्या नोकरीत, बढती मिळो, मेडल मिळो, कुणीतरी हळूच म्हणायचंच: टेपवाला आला. "मी कुणाला म्हटलंतं व्हय, टेप सैल धर म्हणून?" ते म्हणाले. "परत मोजा म्हटलं असतं तर मी छाती फुगवून दावली असती. पर कुणी परत मोजलंच न्हाय."

मी पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला. (तो मी का नेला होता, हे विचारू नकोस, सवय आहे.) माझे दोन एक्के वेगळे काढले, त्यांची बदामाची अठ्ठी-नव्वी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि उरलेली पानं पिसून पाच उघडली.

अठ्ठी आली. मग बदाम. मग नव्वी. आकारामराव जिंकले.

ते उठून उभे राहिले. कंपाउंडपर्यंत फेरी मारून आले. मी म्हणालो, एका डावाने काही ठरत नाही, पन्नास मांडू. ते म्हणाले, शंभर मांडा. बाळाबाई वाटाणे सोलत होत्या; त्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि ज्याचा डाव त्याच्या वाटीत एक दाणा टाकत गेल्या. पन्नासाव्या डावाला माझ्या वाटीत एकोणचाळीस दाणे आणि त्यांच्या वाटीत अकरा. मी माझी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी दाणे स्वतः मोजले, परत मोजले, बरोबर निघाले. मग म्हणाले, "पन्नासात एकोणचाळीस तुमी. कबूल. पर बोटीवर डाव एकच हुता. आन् पैला डाव माझा." यात गणिताच्या दृष्टीने सात-आठ चुका आहेत. मी त्यांतली एकही दाखवली नाही. ते वाटाणे नंतर भाजीत गेले, भाजी चांगली झाली होती, आणि जेवताना त्यांनी मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा 'पावणं' सोडून 'इवाई', म्हणजे व्याही, अशी हाक मारली. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: "फेरविचार पूर्ण. कार्यक्रम होईल."

तर खरी हकिकत ही अशी आहे. कुणी काही वेगळं सांगितलं तर हा कागद दाखव. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली की कळव, मी रजा टाकून येतो आणि कोपऱ्यात गप्प बसून राहतो, तू सांगशील तितके दिवस.

तुझा,
अतुल

ता. क. बोटीवरची मोठी स्पर्धा डिसेंबरच्या १२, १३ आणि १४ तारखेला आहे, हे तिकीट घरी आणून नीट वाचल्यावर कळलं. १४ तारखेला शाहूपुरीतल्या हॉलमध्ये काय आहे, ते तुला ठाऊक आहे. घरात तूच सगळ्यांत मोठी. तू निशाला आणि बाळाबाईंना एवढंच कळवायचं, की चौदा तारीख तुला जमत नाही, पंधरा दिवस पुढे घ्या. कारण सांगू नकोस. तुला आजवर कुणी कारण विचारलेलं नाही. वरची सगळी पानं वाचली नाहीस तरी चालेल, हे तेवढं वाच.

ता. क. २. शेजारी आकारामराव बसले आहेत. त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं आहे.

आक्कासो, जयभीम. इवाई म्हंत्यात त्ये बरोबर हाय. तारीख पुढं घ्या. कारन दोघांचं एकच हाय, पर माझं नाव कुटं येऊ देऊ नगा. सुभेदार आकाराम (निवृत्त).

ता. क. ३. आत्या, मी दीप्ती. दोन दिवसांसाठी घरी आले आहे. पत्ता घालायला म्हणून बाबांनी पाकीट माझ्याकडे दिलं, आणि ते चिकटवायचं विसरले. तुला आईने सांगितलंच आहे, की शाहूपुरीचा हॉल चौदाला मिळत नाही आणि संघर्षने व मी साखरपुड्यासाठी अठ्ठावीस तारीख केव्हाच घेऊन ठेवली आहे. बाळाबाई काकूंनाही माहीत आहे. हे दोघे तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून त्यांना सांगायचं राहिलं, आणि आता कुणालाच घाई नाही. तू लगेच हो म्हणू नकोस. चौदाशिवाय मला दुसरा दिवसच नाही, असं कडक कळव. दोघे धावत मिरजेला येतील. ते समोर बसून कारणं द्यायला लागले, की मला फोन लाव आणि फोन तसाच चालू ठेवून उशीखाली सरकव. संघर्षलाही ऐकायचं आहे.